रूपक एका गुणाचे नव्हे

गोव्यातल्या शाळांसाठी मराठीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या, पाठ्यपुस्तके रचणाऱ्या आणि पेपर काढणाऱ्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

'खालील ओळीतील अलंकार ओळखा' या प्रश्नाबद्दल लिहितो आहे. गुण एक, फार तर दोन. तो सोडवायची युक्ती आम्ही शिक्षकच मुलांना देतो: ओळीत 'जणू', 'गमे', 'वाटे' दिसले की उत्प्रेक्षा, 'सम', 'सारखा', 'परी' दिसले की उपमा, यांतले काहीच नसेल आणि दोन नामे एकमेकांना चिकटलेली असतील तर डोळे मिटून रूपक लिहा. ओळ वाचायची गरजच नाही. माझ्या वर्गातली मुले 'जणू'भोवती पेन्सिलीने गोल काढतात आणि पुढच्या प्रश्नावर जातात. कवी कशाला काय म्हणतो आहे इकडे त्यांचे लक्षही जात नाही, आणि गुण मात्र पैकीच्या पैकी पडतात. त्यांना दोष कसा देणार? विचारले तेवढे त्यांनी सांगितले.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. माझी तक्रार प्रश्न सोपा असल्याची नाही. अर्थ आधी तयार असतो आणि रूपक त्यावर मागाहून चढवलेली सजावट असते, ही समजूत या प्रश्नातून आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या गळी उतरवत आलो, अशी माझी तक्रार आहे. ('गळी उतरवणे' हेही रूपकच. पण त्यात कमळ नाही, त्यामुळे पेपरात त्याला गुण नाहीत.) रूपकाने माणूस विचार करतो, भांडतो, निवाडे देतो. गोव्याला तर हे कुणी सांगायला नको. इथले मोठे वाद ज्या रूपकांतून लढले गेले ती अजून आपल्या तोंडी आहेत. आणि ती कशी वाचायची हे आपण मुलांना शिकवत नाही.

याचे खापर आपल्या शास्त्रकारांवर फोडता येणार नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. दंडीने काव्यादर्शात रूपकाची व्याख्या केली, 'उपमैव तिरोभूतभेदा रूपकमुच्यते': ज्या उपमेतला भेद झाकला गेला ती रूपक. आपल्या पुस्तकातली 'उपमेय व उपमान यांतील एकरूपता' याच वाटेने आली. पण आपण तिथेच बसकण मारली आणि शास्त्र पुढे निघून गेले. नवव्या शतकात आनंदवर्धनाने काश्मिरात बसून, काव्याचा जीव अलंकारात नसून सुचवल्या जाणाऱ्या अर्थात आहे, असे ठणकावले. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेच्या, म्हणजे शब्दाचा मुख्य अर्थ सोडून दुसरा घेण्याच्या, तीन अटी सांगितल्या: मुख्य अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाशी त्याचा काही संबंध पाहिजे, आणि तसे बोलण्यामागे एक तर रूढी पाहिजे नाहीतर प्रयोजन.

त्याचे ठरलेले उदाहरण 'गंगायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळीवाडा. वाहत्या पाण्यावर गोठे उभे राहत नाहीत, म्हणून अर्थ अडतो. काठ गंगेला लागून आहे, म्हणून 'काठावर' असे समजायचे. पण मग सरळ 'गंगेच्या काठी' का म्हटले नाही? तर गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वाडीलाही लाभावे म्हणून. खरी गोम या तिसऱ्या पायरीत आहे. (गोव्याच्या मुलांना हे उदाहरण जपून द्यावे लागते. 'मांडवीवर कॅसिनो' म्हटले की मुख्य अर्थ कुठे अडतच नाही, तो खरोखरच पाण्यावर तरंगतो आहे. पावित्र्याचा मुद्दा मग मुले आपणहून काढतात.)

जाणकार म्हणतील, हे सामीप्याचे उदाहरण झाले, साम्याचे नव्हे. मान्य. साम्यासाठी 'गौर्वाहीकः' आहे, 'हा वाहीक म्हणजे बैल'. बैलाचा मठ्ठपणा माणसाच्या अंगावर टाकायचा. वाहीक हे पंजाबाकडच्या एका प्रदेशाचे लोक, असे बहुधा मानतात. म्हणजे शतकानुशतके घोटलेले हे उदाहरण एका अख्ख्या मुलखाची टर उडवते, आणि आम्हाला ते पाठ करायला लावताना हे कुणी बोलले नाही. प्रयोजन विचारायचे राहून गेले की असे होते.

पश्चिमेकडेही हा घोळ जुनाच. ॲरिस्टॉटलने रूपकावरची हुकमत ही सर्वांत मोठी गोष्ट मानली, ती दुसऱ्याकडून शिकता येत नाही असेही म्हटले. उलट 1651 साली इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने रूपकांना दलदलीवरच्या भुलव्या उजेडाच्या पंक्तीला बसवले: मागे जाल तर भरकटाल. आता भुलवा उजेड हे काय झाले? आणि ज्या ग्रंथात त्याने हे लिहिले त्याचे नाव 'लेव्हायथन', बायबलातला जलराक्षस; राज्यसंस्थेला तो कृत्रिम मानव म्हणतो. रूपकाला हाकलायलाही रूपकच लागले. ही गंमत मी दहावीला सांगतो, त्यांना ती बरोबर कळते.

विसाव्या शतकात प्रश्न नेमका झाला. मॅक्स ब्लॅक नावाच्या तत्त्वज्ञाने 1950 च्या दशकात म्हटले की रूपक हे काजळी धरलेल्या काचेसारखे काम करते. त्या काजळीत काही रेषा मोकळ्या सोडलेल्या असतात, आणि आकाशातले तेवढेच तारे आपल्याला दिसतात. माणसाला लांडगा म्हटले की माणसातले लांडग्यासारखे ते पुढे येते, बाकीचे मागे सरते. डोनाल्ड डेव्हिडसनने 1978 मध्ये याला विरोध केला: रूपकात दुसरा, लपलेला अर्थ मुळी नसतोच, शब्द आपापल्या नेहमीच्या अर्थानेच असतात, ते आपल्याला काहीतरी बघायला लावतात, आणि काय काय दिसेल त्याला अंत नाही. वर्गात मला ब्लॅक जास्त उपयोगी पडतो. पेपर तपासताना डेव्हिडसन आठवतो. त्याकडे पुढे येतो.

1980 मध्ये जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी हा विषय कवितेतून उचलून रोजच्या बोलण्यात आणला. त्यांचे गाजलेले उदाहरण म्हणजे वाद हे युद्ध: आपण वाद जिंकतो, हरतो, समोरच्याच्या मुद्द्यावर हल्ला चढवतो. मराठीतही हे आहे, आपणही एकमेकांना वादात चीत करतो. पण मराठी कानाने ऐकले तर आणखी एक मोठे कोठार सापडते. आपण मुद्द्याचा कीस पाडतो, खल करतो, काथ्याकूट करतो, चर्चेचे गुऱ्हाळ लावतो, तेच ते दळण दळतो, चऱ्हाट वळत बसतो. किसणी, खलबत्ता, काथ्या, चरक, जाते, दोरखंड. सगळा घरातला नाहीतर परसातला उद्योग. यात शत्रू कुठेच नाही. नारळाची सोडणे महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात कुजवायची, मग दांड्याने कुटत बसायचे. हात भरून येतात, बाजूला बसलेलाही कुटतच असतो, आणि शेवटी काथ्या निघतो. वादाला युद्ध समजणाऱ्याला तह सुचेल किंवा सूड सुचेल. काथ्याकूट समजणाऱ्याला 'पुरे आता, काही निघतंय का बघा' हे सुचेल. एकाच भाषेत दोन्ही सोयी आहेत. कुठली केव्हा वापरली जाते हे शोधायला दहावीच्या मुलाला सांगा, तो आठवडाभर घरातली भांडणे कान देऊन ऐकेल. यापेक्षा चांगला गृहपाठ मला तरी माहीत नाही.

आता गोव्याकडे येतो.

मराठीच्या प्रत्येक कार्यक्रमात आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्सची ओवी म्हटली जाते. 1579 साली गोव्यात आलेला हा इंग्रज जेझुइट पाद्री; त्याचे क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्याच्या साष्टी तालुक्यातल्या राशोलला छापले गेले.

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
कीं रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भासांमाजी चोखळा
भासा मराठी

टाळ्या पडतात, पुढचा वक्ता उठतो. मीही टाळ्या वाजवतो. पण जरा थांबून वाचले तर? पहिल्या ओळीत मराठी हे रत्न, मग उरलेल्या भाषा कोण? हरळ, म्हणजे खडे. दुसऱ्या ओळीत मराठी हा निळा हिरा आणि उरलेल्या भाषा रत्ने. एका चरणाच्या अंतरात शेजारच्या भाषांना खड्यावरून रत्नावर बढती मिळाली! मराठीची थोरवी दोन्हीकडे तीच, बदलले आहे ते उरलेल्यांचे स्थान. आणि हे लिहिणारा माणूस साष्टीत कोंकणी बोलणाऱ्या लोकांत राहत होता. कोंकणीचे व्याकरणही त्याने लिहिले, ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये राशोललाच छापले गेले. पहिल्या ओळीवर थांबणारा वाचक आणि दुसरीपर्यंत जाणारा वाचक शेजाऱ्याशी वेगवेगळे वागतील. ओवीत उपमा आहे, शंभर टक्के बरोबर, एक गुण. पण उपमेच्या बाहेर कोण राहिले, हा प्रश्न आपल्या पेपरात कधी आला?

हे खडे पुढे आपल्या सगळ्यांच्या पायांत रुतले. मराठी-कोंकणी वाद मी लहानपणापासून ऐकतो आहे, आणि तो जवळजवळ पूर्ण नात्यागोत्याच्या भाषेत चालतो. कोणी म्हणते, मराठी आई आणि कोंकणी तिची लेक. कोणी म्हणते, दोघी बहिणी. रागाच्या भरात सवतीही होतात. लेक म्हटले की तिने आईच्या पदराखाली राहावे हे ओघाने आले, तिचे वेगळे घर म्हणजे कृतघ्नपणा. बहिणी म्हटले की मान बरोबरीचा, पण मग घराची वाटणी आली. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाला फूल आणि संघप्रदेशाला दोन पाने अशी चिन्हे होती. 34,021 मतांनी पाने जिंकली. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, 1987 मध्ये तिला राजभाषा करणारा कायदा आला, 1992 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात तिचे नाव गेले. निर्णय झाले, कुटुंब मात्र बोलण्यातून गेले नाही. आजही कुठल्याही व्यासपीठावर कोणीतरी ही आई-लेक काढतोच.

बरे, हे कुटुंब भाषाशास्त्रानेच दिलेले. एकोणिसाव्या शतकात ऑगुस्ट श्लायखरने भाषांचा वंशवृक्ष काढला: एक खोड, त्याला फांद्या. 1872 मध्ये योहान्नेस श्मिट म्हणाला, असे नाही, भाषेतले बदल पाण्यातल्या लाटांसारखे पसरतात, एकमेकींवर चढतात. पेडण्यापासून काणकोणापर्यंत गावागावातून बोलणे कसे हळूहळू बदलत जाते हे ज्याने ऐकले आहे त्याला श्मिटचे म्हणणे पटायला वेळ लागणार नाही. लाटांमध्ये आई कोण आणि लेक कोण, हा प्रश्नच उठत नाही. मी मराठीचा शिक्षक आहे, मराठीचा कैवार घेणार, त्यात लपवण्यासारखे काही नाही. तरी मला वाटते, 'आई' या एका रूपकाने मराठीचे गोव्यात जेवढे नुकसान केले तेवढे तिच्या विरोधकांनाही जमले नसते. जिला लेक म्हणायचे होते तिला ही आई सासू वाटली.

आणखी एक उदाहरण, आमच्या तालुक्याचे. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यात खाणी थांबल्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी दहावीच्या मुलांना वर्तमानपत्रांतून रूपके कापून आणायला सांगितली. अर्ध्याअधिक वर्गाने एकच आणले: खाणव्यवसाय हा गोव्याच्या अर्थव्यवस्थेचा कणा. मी मम्मटाचे प्रश्न फळ्यावर लिहिले. अर्थ कुठे अडतो? राज्याला पाठीचे हाड नसते. संबंध काय? आधार. प्रयोजन? इथे वर्ग फुटला. खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "सर, कणा म्हटलं की काढून टाका असं कोणी म्हणू शकत नाही, म्हणून." मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून उभा राहिला. त्याच्या वडिलांचा ट्रक मार्चपासून अंगणात ताडपत्रीखाली होता, बँकेचे हप्ते चालूच होते. "आमच्या घराचा कणाच होता तो. यात कसलं प्रयोजन?" मला पटकन काही सुचले नाही. मुलगीच म्हणाली, "तुझ्या घराचा ना? पेपरात गोव्याचा म्हटलंय." मुलगा खाली बसला नाही, तीही गप्प झाली नाही, आणि तास संपल्याची घंटा झाली.

त्या वर्गाने त्या दिवशी रूपकाचे जेवढे तत्त्वज्ञान केले तेवढे मी बी. ए.ला तीन वर्षांत केले नव्हते. शरीरात कणा एकच असतो. खाण कणा झाली की शेती, बागायत, मासेमारी यांना आपोआप हातपाय व्हावे लागते. आणि धुळीने भरलेली फुप्फुसे, तळाशी गेलेल्या विहिरी त्या शरीरात बसतच नाहीत. याच काळात गोव्यात दुसरे रूपकही बोलले जात होते: खनिज म्हणजे वाडवडिलांकडून आलेला ठेवा, तो जसाच्या तसा पुढच्या पिढीला द्यायचा. 21 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विकलेल्या खनिजाच्या पैशातून काही भाग बाजूला काढून कायमस्वरूपी निधी उभारायला सांगितले, तो याच विचाराच्या जवळचा. कणा ताठ ठेवायचा असतो, ठेवा मोजायचा असतो. 'कणा' म्हणणारा विचारतो, केव्हा चालू होणार. 'ठेवा' म्हणणारा विचारतो, किती उरले. पण ठेव्याच्या रूपकात ताडपत्रीखालचा ट्रक कुठे दिसतो? तिथेही काचेवर काजळी आहेच.

शब्दाने खरोखर निर्णय बदलतो का, यावर प्रयोगही झाले आहेत. 2011 मध्ये थिबोडो आणि बोरोडिट्स्की या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत लोकांना एका काल्पनिक शहरातल्या गुन्हेगारीचा मजकूर वाचायला दिला. काहींच्या मजकुरात गुन्हेगारी हे श्वापद होते, काहींच्या विषाणू. श्वापद वाचणारे पोलीस आणि तुरुंगाकडे जास्त झुकले, विषाणू वाचणारे सामाजिक सुधारणांकडे. पुढे 2014 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तसाच प्रयोग केला तेव्हा त्यांना हा परिणाम आढळला नाही. म्हणून मी रूपकाला जादू म्हणणार नाही. पण माझ्या वर्गात जे झाले ते पाहायला मला प्रयोगशाळा लागली नाही.

तुमच्याकडून अपेक्षित असलेली हरकत मला ठाऊक आहे: असे प्रश्न तपासायचे कसे? नमुना उत्तर काय द्यायचे? एका केंद्रावर दोन गुण आणि दुसऱ्यावर शून्य झाले तर पालक फेरतपासणीला धावतील. हरकत खोटी नाही. डेव्हिडसनचे म्हणणे थोडे जरी खरे असेल तर रूपकाचे नमुना उत्तर असूच शकत नाही. पण निबंधाचेही नसते, आणि निबंध आपण तपासतोच. मम्मटाच्या तीन पायऱ्यांना तीन गुण ठेवा: अर्थ कुठे अडला, दुवा कोणता, तसे का म्हटले. तिसऱ्याला कारण दिले असेल तर गुण, नुसता शेरा असेल तर नाही. 'या रूपकात काय दिसेनासे झाले' असा चौथा प्रश्न निदान हुशार मुलांसाठी वैकल्पिक ठेवा. ओळ कवितेतलीच हवी असाही हट्ट नको. अग्रलेखातली, जाहिरातीतली, विधानसभेतल्या भाषणातली चालेल. 'ओळखा'चा प्रश्न पूर्ण काढा असेही मी म्हणत नाही, नापास होणाऱ्या मुलाला तो एक गुण तारतो.

शिक्षकांचेही प्रशिक्षण लागेल, हे कबूल. आमच्यातल्या पुष्कळांना गौणी (साम्यावर उभी) आणि शुद्धा (सामीप्यासारख्या इतर संबंधावर उभी) लक्षणा यांतला फरक सांगताना घाम फुटतो. पण दोन दिवसांचे शिबिर, त्यात एक दिवस मम्मट आणि एक दिवस वर्तमानपत्र, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. पीपीटी नको. फळा आणि त्या दिवसाची वर्तमानपत्रे पुरतील.

वर्गात वापरलेल्या अशा प्रश्नांची एक वही माझ्याकडे आहे, मुलांच्या उत्तरांसकट, चुकलेल्या उत्तरांसकट. अभ्यासक्रमाची पुढची बैठक लागेल तेव्हा कळवा, ती घेऊन येतो. शनिवार तेवढा सोडा, त्या दिवशी दहावीचे जादा तास असतात.

आपला,
डिचोलीतला एक मराठी शिक्षक